चार ते सातची भूक

करी रोड स्टेशनच्या जिन्यावर मी मधेच बसले, तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. जुलैचा पहिला आठवडा, पुलावर ओल्या छत्र्यांची गर्दी आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी. मागून येणाऱ्या एका मावशींनी माझी बॅग उचलली, मला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

मी आठवायला लागले. सकाळी चहा-बिस्किट. अकराला चहा. दीडला वडापाव आणि वर चहा. त्यापुढे काही नाही. मावशींनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनाही घरची घाई असणारच. नाव विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला मुंबईत आले. लालबागला एका चाळीत काकूंकडे राहते. पुढच्या खोलीत आम्ही चौघी मुली, मागे स्वयंपाकघर आणि काकू. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारतो, सोलापूर, जळगाव वगैरे. मी संगमेश्वर. सकाळी पावणेसातला निघायचं, फोर्टमधलं कॉलेज, साडेचारपर्यंत प्रॅक्टिकल, परत येऊन सहा ते आठ परळला दहावीच्या मुलांची शिकवणी, साडेआठला जेवण. खर्चाचा मोठा भाग त्या शिकवणीतून निघतो, त्यामुळे ती सोडणं शक्य नव्हतं. दम लागायचा, केस गळायचे, दुपारी तासाला डोळे मिटायचे, आणि मुंबईत सगळ्यांचंच असं होतं असं मी धरून चालले होते.

जिन्यावरच्या प्रसंगानंतर सोलापूरने मला दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात ओढून नेलं. केसपेपर काढून आम्ही ओपीडीच्या बाकावर बसलो. डॉक्टर वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, पाळी किती दिवस असते, किती जाते ते विचारलं. मग म्हणाल्या, "कच्चे तांदूळ, खडू, माती, असलं काही खावंसं वाटतं का?"

मी गप्पच झाले. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकायची मला सवय होती. गेल्या वर्षभरात ती फार वाढली होती, बॅगेतसुद्धा पुडी असायची. लहानपणी आई ओरडायची, "तांदूळ खाऊ नको, लग्नात पाऊस पडेल." ते खाणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बाईच्या रक्तात ते निदान १२ असावं लागतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची एक गोळी दिली, शौचाला काळं होईल, घाबरू नकोस, हेही आधीच सांगितलं. मग त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने दोन ओळी लिहिल्या. गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नाही. दर चार तासांनी काहीतरी खाणे. "इतकं खाली आलेलं नुसत्या खाण्याने वर येत नाही, गोळी हवीच," त्या म्हणाल्या. "पण गोळी बंद झाल्यावर पुन्हा इथे यायचं नसेल तर खाणं बदल."

चहाची ओळ वाचताना मला आमची प्रयोगशाळा आठवली. लोहाच्या क्षारात टॅनिन घातलं की काळंभोर होतं, जुन्या काळी शाई तशीच बनवत. चहात टॅनिन असतं हे मला बारावीपासून माहीत होतं. पोह्यांवर लगेच चहा ओतला की पोटात त्या लोहाचं काय होत असेल, हा विचार मात्र मी कधी केला नव्हता. आणि क जीवनसत्त्व फेरिक लोहाचं फेरस करतं, ते शरीराला घेता येतं, हे तर मी परीक्षेत लिहून आले होते. वहीतलं रसायनशास्त्र आणि माझं पोट यांची गाठ त्या बाकावर पडली.

त्या रात्री आम्ही चौघींनी माझा दिवस कागदावर मांडला. सकाळचं आणि रात्रीचं जेवण कसंतरी होत होतं. खड्डा होता चार ते सातमध्ये. प्रॅक्टिकल संपतं, कँटीन आवरत असतं, गाडीत उभं राहायचं, आणि शिकवणीला पोचेपर्यंत हातात एकच गोष्ट, कोपऱ्यावरचा चहा. ही भूक मी रोज चहाने मारत होते.

पहिली खरेदी मशीद बंदरला केली. माझ्या पासावर ते स्टेशन येतंच. शनिवारी लवकर सुटल्यावर उतरले आणि किराण्याच्या घाऊक दुकानांच्या गल्लीत शिरले. एक किलो भाजलेले चणे १६० रुपये, एक किलो शेंगदाणे १६०, अर्धा किलो साधा खजूर १००. लालबागला हेच पाव-पाव किलो घेतलं की महाग पडतं. सोलापूरने शेंगदाणे मंद आचेवर भाजून दिले. तिच्या मते दाणे भाजायला घाई करणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात येऊच नये, आणि दाणे खाल्ल्यावर मला ते पटलं. चणे, दाणे आणि दोन खजूर यांची एक मूठ, छोट्या स्टीलच्या डबीत. डबी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे गाडीत उभ्याने काढता येते. आत ठेवली की निघत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

गुळाबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल, हे मला किमान दहा जणांनी सांगितलं. बीट खा, असंही. दाण्यांचं ठीक आहे, त्यात प्रथिनं भरपूर, पोट धरून ठेवतात. पण सुपारीएवढ्या गुळातून लोह मिळतं ते नावापुरतं, आणि बिटाचा लाल रंग हा लोहाचा नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं दिलंय. ते गुळाच्या खड्यांनी भरायचं म्हटलं तर साखरेनेच माणूस आजारी पडेल. चवीला खा, मीही खाते. औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

खरी शिकवण काकूंनी दिली. काकूंच्या सासूबाई गिरणगावात खानावळ चालवायच्या. गावाहून एकटे आलेले गिरणीकामगार महिन्याच्या हिशोबावर त्यांच्याकडे जेवायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा घरात रोज पातेलंभर कडधान्य भिजत पडलेलं असायचं. "पाळीवरून येणाऱ्या माणसाला स्वस्तात ताकद कशाने देणार? मोडांनी," काकू म्हणाल्या. ८२ च्या संपात पंगत ओस पडली, पातेली माळ्यावर गेली. त्यातलंच एक लहान पातेलं त्यांनी माझ्यासाठी खाली काढलं.

कृती सोपी वाटते. सकाळी निघताना वाटीभर मूग भिजत घालायचे, रात्री आल्यावर निथळून ओल्या फडक्यात बांधायचे, सकाळी मोड. माझे पहिले मूग बुळबुळीत झाले. दुसऱ्यांना आंबूस वास. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला आले, कारण दीड वाटी मूग टाकून देणं हा माझ्या हिशोबात लहान तोटा नव्हता. काकूंनी फडकं हातात घेऊन पिळलं, त्यातून पाणी टपकलं. "बघ. पावसात हवेतच एवढी ओल असते, फडक्यात आणखी कशाला ठेवतेस? घट्ट पीळ, आणि डब्यात कोंडू नको. गजाला टांग." तेव्हापासून आमच्या खिडकीच्या गजाला रोज रात्री एक पुरचुंडी लटकते, खाली ताटली. रात्री बांधण्याआधी एकदा धुवायचे, सकाळी एकदा. मटकीला एक रात्र पुरत नाही, तिला आणखी अर्धा दिवस द्यावा लागतो.

पावसाळ्यात कच्चे मोड खाऊ नयेत. मी पाच मिनिटं वाफवून घेते. मोड आले की धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्याने धरून ठेवलेलं लोह सुटतं, आणि क जीवनसत्त्वही तयार होतं. वाफवल्याने त्यातलं थोडं जातं, म्हणून लिंबू. मीठ आणि लिंबू डब्यात आधी घालायचं नाही, पाणी सुटून चारपर्यंत लगदा होतो. अर्धं लिंबू वेगळ्या डबीत, मीठ-जिरेपूड कागदाच्या पुडीत. साडेचारला प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, पिळायचं, कालवायचं, खायचं. कांदा मी घालत नाही. महिलांच्या डब्यात संध्याकाळी श्वास घ्यायला जागा नसते, तिथे कांद्याचा वास कुणाला नको.

अंड्याने मला तसंच शिकवलं. उकडून सोललेली दोन अंडी डब्यात घालून नेली आणि भायखळ्याला गर्दीत झाकण उघडलं. आजूबाजूच्या बायका काही बोलल्या नाहीत, फक्त तोंडं फिरवली. आता अंडं न सोलता नेते आणि कट्ट्यावरच खाते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि मला ते आठ रुपयांना पडतं. सोमवारी आणि गुरुवारी काकूंच्या गॅसवर अंडं चढत नाही, त्या दिवशी दही-पोहे. पातळ पोहे कोरडेच डबीत, दही कँटीनमधून, वरून मेतकूट. दोन मिनिटांचं काम आणि पोट थंड.

केळ्याचं ज्ञान जळगावचं. ती म्हणते, घड घेऊ नका, चार पिकलेली आणि चार हिरवट घ्या, म्हणजे आठवडा निघतो. आणि केळं बॅगेत पुस्तकांच्या बाजूला उभं ठेवायचं, वर नाही. सोलापूरच्या घरून कडक भाकरी येते, ज्वारीची, कुरकुरीत, कित्येक दिवस टिकते. ती चुरून त्यावर शेंगाची चटणी आणि दही घातलं की दुसरं काही लागत नाही. परीक्षेच्या आठवड्यात आम्ही चौघी त्या एका डब्यावर जगलो. माझ्या घरून नाचणीचं पीठ येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रात्री दोन चमचे पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी-मीठ घालून गॅसवर पाच मिनिटं ढवळायचं, आंबील तयार. गणपतीला घरी गेले तेव्हा आईने अळिवाचे लाडू बांधून दिले, नारळ-गुळातले. ओल्या नारळाचे लाडू मुंबईच्या हवेत टिकत नाहीत, म्हणून काकूंनी फ्रिजचा एक कप्पा आमच्या नावे करून दिला. अळीव उष्ण असतात, उन्हाळ्यात जपून खा, असं आईने दोनदा फोन करून सांगितलं.

आता पाण्याबद्दल. हे लिहायला मला थोडा संकोच वाटतो, पण मुलींनी वाचावं म्हणून लिहिते. मी दिवसभर पाणी प्यायचेच नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि कॉलेजमधल्या मुलींच्या शौचालयाच्या एका दाराला कडी नव्हती, दुसऱ्यात पाणी नव्हतं. ऑगस्टमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, पुन्हा ओपीडी. त्याच डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितेस?" मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना रोज ऐकावं लागत होतं.

परत आल्यावर मी वर्गातल्या मुलींना विचारलं. सगळ्यांची तीच गत. कुणी अर्धी बाटली दिवसभर पुरवत होती, कुणी दुपारपर्यंत तोंडच लावत नव्हती. आम्ही एकवीस जणींनी सह्या करून अर्ज दिला, दोनदा जाऊन उभ्या राहिलो. तीन आठवड्यांनी कडी बसली आणि नळ दुरुस्त झाला. माझ्या या सगळ्या महिन्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, मोडांपेक्षाही. आता सकाळी एक लिटरची बाटली भरून नेते, दोनपर्यंत संपवते, कॉलेजात पुन्हा भरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीत घरच्या कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ घातलं.

झोपेचं जास्त लिहीत नाही. रात्री अकराला चौघींचे फोन काकूंच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात, एवढा एकच नियम आम्ही केला आणि तो बऱ्यापैकी पाळला. रविवारी दुपारी काकू ओळीने आमच्या डोक्याला खोबरेल तेल लावतात. त्या वेळात कुणी अभ्यासाचं बोलायचं नाही. गॅलरीत बसून खालच्या गल्लीतला चिवड्याचा खमंग वास घ्यायचा, आणि काकूंच्या बोटांखाली डोळे मिटायचे. घर सोडून आल्यावर माझ्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता, हे मला पहिल्या रविवारी कळलं आणि मी रडले.

पैशांचं विचाराल तर आधी मी रोज साठ रुपये चहा, बिस्किट आणि वडापाव यांवर घालवत होते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १५६० रुपये. आता चणे, दाणे, खजूर, मूग, मटकी, पोहे, अंडी, केळी, लिंबं मिळून साडेदहाशेच्या आसपास जातात. दिवसाचा एक चहा ठेवलाय, अकराचा, त्याचे २६०. आणि शुक्रवारचा वडापाव. तो मी सोडला नाही, सोडणारही नाही. या गिरणगावात राहून गरम वड्याला नाही म्हणायचं, हे मला जमणार नाही. सगळं धरून महिन्याला पावणेदोनशेच्या आत वाचतात. फार वाचतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण त्याच पैशांत मी संध्याकाळी सहाला मुलांपुढे उभी राहून बीजगणित शिकवू शकते, आणि आवाज थरथरत नाही.

मधे दोन आठवडे सगळं विस्कटलं होतं. अंतर्गत परीक्षा, पाळी आणि शिकवणीतल्या मुलांची सहामाही एकदम आली. मूग भिजवायला विसरले, डबी रिकामी राहिली, गोळीने मळमळत होतं म्हणून तीही चार दिवस चुकवली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर घे, थोडी कमी लागू पडेल, पण बंद करू नकोस, म्हणाल्या. मी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले आणि मळमळ थांबली. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा रक्त दिलं. ११.६. मला १२ हवे होते. डॉक्टर म्हणाल्या, आकडा वर आला तरी शरीरातला साठा भरायला वेळ लागतो, आणखी तीन महिने गोळी चालू. बाकावर माझ्या शेजारी गणवेशातल्या दोन मुली बसल्या होत्या, तशाच फिकट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे चौघींच्या खोलीत दोघी तरी. आमच्या खोलीतली दुसरी कोण, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर जळगावचा अभ्यासक्रम संपला आणि तिच्या जागी बीडची एक मुलगी आली. अबोल, हडकुळी, नर्सिंगचं पहिलं वर्ष. तिसऱ्या दिवशी रात्री मी पुरचुंडी बांधत होते. ती काकूंना तांदूळ निवडून देत होती. निवडता निवडता तिने चिमूट तोंडात टाकली, मग दुसरी.

"अगं, लग्नात पाऊस पडेल हो," काकू हसून म्हणाल्या.

मी पुरचुंडी गजाला अडकवली, हात पुसले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. "जिना चढताना धाप लागते का गं?"

तिने तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "तुला कसं कळलं?"

ओपीडी सकाळी आठला उघडते. आम्ही सातला निघायचं ठरवलं, आणि मी मूग आणखी मूठभर भिजत घातले.